सूक्ष्मजीवशास्त्र की कोरियाचा इतिहास? पीएच.डी.चा विषय ठरवताना

प्रश्न: मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. बाजूला कोरियन भाषा शिकले, टोपिक परीक्षेची तिसरी पातळी पार केली. कोरियन युद्धात सैनिकांना जो रक्तस्रावी ताप झाला, ज्यातून पुढे हान्ताविषाणू सापडला, त्यावर पीएच.डी. करायची इच्छा आहे. आमचे सर म्हणतात, "दोन डगरींवर पाय ठेवू नकोस, एक काहीतरी धर." विज्ञान सोडायचं नाही आणि इतिहासही सुटत नाही. सुरुवात कुठून करू? – स्नेहल, नाशिक

प्रिय स्नेहल,

पदवीवर नाव एकाच विभागाचं येतं, त्यामुळे एक घर धरावं लागेल हे खरं. आमचं स्पष्ट मत असं की प्रवेश इतिहासाच्या बाजूने घ्या, म्हणजे विज्ञानाचा किंवा वैद्यकाचा इतिहास शिकवणाऱ्या विभागात, आणि सूक्ष्मजीवशास्त्र हत्यार म्हणून वापरा. उलट केलंत तर अडचण होईल. हान्ताविषाणू वाढवायला जैवसुरक्षा पातळी ३ची, म्हणजे धोकादायक जंतूंसाठीची बंदिस्त प्रयोगशाळा लागते, उंदरांना संसर्ग देऊन करायच्या प्रयोगांना त्याहून कडक नियम आहेत. परवानग्या आणि प्रशिक्षण यांतच मोठा वेळ जाईल, आणि दप्तरखान्यात काढलेले महिने तुमच्या मार्गदर्शकांना वाया गेलेले वाटतील. इतिहासाच्या विभागात मात्र जुना शोधनिबंध उघडून "इथे तुलनेसाठी कुणाचं रक्त घेतलं होतं?" असं विचारू शकणारे विद्यार्थी फार थोडे. तिथे तुमचं पारडं जड आहे.

तुमचा विषय मात्र अजून पसरट आहे. "कोरियन युद्धातला रक्तस्रावी ताप" एवढं म्हटलं की विषय सांगून होतो, प्रश्न नाही. १९५१पासून संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत हा ताप दिसू लागला आणि युद्ध थांबेपर्यंत तीन हजारांवर सैनिक आजारी पडले. अमेरिकी लष्कराने त्यासाठी ८२२८ क्रमांकाचं फिरतं शल्य रुग्णालय राखून ठेवलं, संशोधनाला खास आयोग नेमला, रुग्णांचं रक्त, माइट नावाचे बारीक परजीवी किडे, उंदीर सगळं तपासलं. कारण हाती लागलं नाही. ते लागलं १९७६ साली, सोलमधल्या कोरिया विद्यापीठात ली हो-वांग यांच्या गटाला, पट्टेरी रानउंदराच्या फुप्फुसात. तिथल्या हान्तान नदीच्या नावावरून त्याला हान्तान विषाणू म्हणतात. आता प्रश्न असा घाला: मधल्या २५ वर्षांत नेमकं काय बदललं? तंत्र बदललं, पैसा बदलला, माणसं बदलली, की उंदीर पकडायची जागा बदलली? हे चारही धागे कागदांत सापडतात. ली यांनी १९५९ साली मिनेसोटा विद्यापीठात पीएच.डी. केली. १९५४ ते १९६२ या काळात सोल राष्ट्रीय विद्यापीठातल्या अध्यापकांना मिनेसोटात प्रशिक्षण देण्याचा मोठा प्रकल्प अमेरिकी मदतीवर चालला होता. पुढे त्यांच्या रक्तस्रावी तापावरच्या कामाला अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय संशोधन विभागाचा पैसा मिळाला. म्हणजे विषाणूचा शोध, शीतयुद्धातली मदत आणि कोरियातल्या विद्यापीठांची घडण ही एकाच प्रबंधात बसणारी गोष्ट आहे, आणि ती ओढूनताणून बसवावी लागत नाही.

पहिलं काम म्हणून ली यांच्या गटाने हा शोध मांडला तो १९७८चा मूळ शोधनिबंध घ्या आणि त्यातली कार्यपद्धती ओळ-ओळ वाचा. पद्धत तुमच्या ओळखीची आहे: उंदराच्या फुप्फुसाचा गोठवलेला पातळ छेद, त्यावर बऱ्या झालेल्या रुग्णाचा रक्तद्रव, धुऊन झाल्यावर मानवी प्रतिपिंडाला, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक प्रथिनाला, चिकटणारा चमकता रंग, आणि सूक्ष्मदर्शकाखाली चमक दिसते का ते पाहणं. आजाराच्या सुरुवातीला घेतलेला रक्तद्रव आणि बरं झाल्यावर घेतलेला रक्तद्रव यांतलं प्रतिपिंडांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, की ते प्रतिजन, म्हणजे छेदात चमकलेला विषाणूचा अंश, याच आजाराचं असं म्हणायला आधार मिळतो. इथे थांबून तीन गोष्टी टिपा. एक, आजार माणसाच्या मूत्रपिंडावर घाला घालतो, पण खूण सापडली उंदराच्या फुप्फुसात. त्याआधीच्या लोकांनी कोणते अवयव तपासले होते? दोन, त्या वेळी विषाणू पेशींत वाढलेला नव्हता. मानवी फुप्फुसाच्या ए५४९ पेशींत तो वाढवल्याचं १९८१ साली छापून आलं. मग १९७६ला "सापडला" म्हणायचं की "दिसला"? तीन, ही चाचणी उभी राहते ती जोडीने घेतलेल्या रक्तद्रवावर. तो कुठल्या रुग्णालयातून आला, सैनिकांचा की शेतकऱ्यांचा, आणि किती वर्षं कुठे साठवलेला होता? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर निबंधात दोन ओळींत असतं आणि दप्तरात पानंच्या पानं. तुमचा प्रबंध त्या दोन ओळींमधून सुरू होतो.

आता दप्तराकडे. इथे नवख्या माणसाचा घात आधी तारखांमध्ये होतो. दक्षिण कोरियाच्या सरकारी कागदांवर १९६१ संपेपर्यंत तांगुन सन चालत होता. त्यातून २३३३ वजा केले की इसवी सन मिळतं: ४२८४ म्हणजे १९५१. त्याआधीच्या जपानी राजवटीतल्या, १९२६ अखेरपासूनच्या कागदांवर शोवा सन असतो, त्यात १९२५ मिळवायचे. शोवा १५ म्हणजे १९४०. घाईत टिपण करताना "८४ साल" एवढंच लिहून घेतलं तर तीन महिन्यांनी ते १९५१ होतं की १९८४, हे आठवणार नाही. म्हणून प्रत्येक नोंदीत मूळ सन जसाच्या तसा आणि शेजारी इसवी सन, असे दोन रकाने ठेवा.

दुसरा अडथळा लिपीचा. तुमची तिसरी पातळी आजच्या हंगुलमधल्या, म्हणजे कोरियन लिपीतल्या, मजकुरासाठी आहे. १९५०च्या दशकातली वर्तमानपत्रं आणि सरकारी पत्रं उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे, आणि निम्मे शब्द हान्जात, म्हणजे चिनी चित्राक्षरांत असतात. घाबरू नका, पण वेळ धरा. साधारण हजारभर चित्राक्षरं आणि आरोग्यखात्याची ठरीव शब्दावली आली की वाचन सुटतं. रोज दहा अक्षरं घोकण्यापेक्षा साथीच्या बातम्यांचीच कात्रणं घेऊन त्यांतली अक्षरं शिका. तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात.

शोधताना एका नावावर विसंबू नका. कोरियनमध्ये हा आजार दीर्घकाळ "युहेंगसॉंग चुल्ह्यॉल्यॉल", म्हणजे साथीचा रक्तस्रावी ताप, या नावाने नोंदला गेला. आज सरकारी नाव "शिनजुंगहुगुन चुल्ह्यॉल्यॉल" आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मूत्रपिंडाची लक्षणं अंतर्भूत असलेलं नाव रूढ केलं, त्याआधीच्या इंग्रजी लेखनात "कोरियन रक्तस्रावी ताप" आढळतो. चारही नावांनी शोध घ्या. माणसांच्या आणि गावांच्या नावांचंही तेच. ली, यी आणि री ही एकाच आडनावाची इंग्रजीतली रूपं. राष्ट्राध्यक्ष सिंगमन री आणि ली हो-वांग यांचं आडनाव कोरियन लिपीत एकच आहे. कोरियन नावं रोमन लिपीत लिहायच्या पद्धतीही अनेक: ग्रंथालयांच्या जुन्या याद्या मॅक्यून-रायशावर पद्धतीने, कोरिया सरकारचं २००० सालानंतरचं लेखन वेगळ्या पद्धतीने, आणि लष्करी नकाशे तिसऱ्याच तऱ्हेने. नदीच्या इंग्रजी नावात शेवटच्या "एन"आधी आज एक "ए" आहे, विषाणूच्या नावात दोन. पहिल्याच आठवड्यात एक तक्ता करा: हंगुल, हान्जा आणि इंग्रजीतली तिन्ही रूपं. पुढची कितीतरी डोकेदुखी वाचेल.

कागद कुठे मिळतील? विमानाचं तिकीट काढण्याआधी कोरियाच्या राष्ट्रीय इतिहास संस्थेचा, क्वाचॉन इथल्या कुक्सा प्यॉनचान विवॉन्हवेचा, डिजिटल संग्रह पाहा. अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागारातल्या कोरियाविषयक कागदांच्या खूप प्रती त्यांनी गोळा करून ठेवल्या आहेत. त्या अभिलेखागारात, मेरीलँडला जाऊन जे पाहणार होतात त्यातलं बरंच घरी बसून दिसू शकतं. जे उरेल त्यासाठी मेरीलँडमधल्या त्याच्या कॉलेज पार्क इथल्या इमारतीत जा. तिथे लष्कराच्या सर्जन जनरल कार्यालयाचे कागद अभिलेख गट ११२मध्ये आहेत आणि सुदूर पूर्व कमांडचे ५५४मध्ये. छायाचित्र काढताना पहिला फोटो पेटीच्या लेबलचा, दुसरा फाइलच्या मुखपृष्ठाचा, मग पानं. हे न करता काढलेल्या शेकडो फोटोंचा प्रबंधात उपयोग शून्य, कारण तळटीप देता येत नाही. कोरियन वर्तमानपत्रांसाठी नेव्हरचं जुन्या अंकांचं ग्रंथालय उपयोगी आहे, दोंगा इल्बो आणि क्यूंगह्यांग शिनमुन तिथे मिळतात. शोध हंगुलमध्ये घ्या, पण उद्धृत करण्याआधी मूळ पानाचं चित्र उघडून पडताळा. प्रबंधांसाठी रिस आणि शोधनिबंधांसाठी केसीआय या सूची. वैद्यकाच्या इतिहासाला वाहिलेलं "उइसाहाक" हे नियतकालिक सर्वांना खुलं आहे आणि त्यात इंग्रजी सारांश असतात. मार्गदर्शक शोधायलाही तेच वाचा.

एक गोष्ट ठळक सांगायला हवी, कारण या विषयावरच्या लेखनात ती वारंवार सुटते. "हा आजार कोरियात १९५१ साली आला" असं लिहू नका. त्या साली तो अमेरिकी डॉक्टरांना दिसला, एवढंच म्हणता येतं. मांचुरियात, म्हणजे ईशान्य चीनमध्ये, जपानी लष्करी डॉक्टरांनी तसाच आजार १९३०च्या दशकाअखेरीस नोंदला होता. आणि ज्या पट्ट्यात तो युद्धात उसळला, तो यॉनचॉन, पोचॉनचा उत्तर भाग आणि चॉरवॉन, त्यातला बराच मुलूख ३८व्या अक्षवृत्ताच्या उत्तरेला आहे. १९४५ ते १९५० तिथे उत्तर कोरियाचा कारभार होता. युद्धविरामानंतर, म्हणजे २७ जुलै १९५३नंतर, तो दक्षिणेकडे आला. दक्षिणेच्या आरोग्य दप्तरात त्या पाच वर्षांच्या नोंदी मिळणार नाहीत हे उघड आहे. त्या असल्याच तर अमेरिकी फौजेने जप्त केलेल्या उत्तर कोरियाच्या कागदांत शोधायच्या, अभिलेख गट २४२. नोंद नाही म्हणजे आजार नव्हता, ही चूक प्रयोगशाळेत तुम्ही कधीच करणार नाही. दप्तरखान्यातही करू नका.

कुणीतरी तुम्हाला जनुकक्रमांवरून ही साथ कधी सुरू झाली ते काढायला सांगेल. एक प्रकरण त्यावर करायला हरकत नाही, संगणकावर होण्यासारखं आहे, उंदीर पकडावे लागत नाहीत. पण सावध राहा. विषाणूच्या जनुकद्रव्याचे तीन तुकडे असतात: एल सुमारे ६५००, एम ३६०० आणि एस १७०० न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे जनुकाच्या अक्षरांचा. तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते, म्हणून तिन्हींचे वंशवृक्ष वेगवेगळे बांधा आणि जुळतात का पाहा. आदर्श मानला जाणारा ७६-११८ हा वाण १९७६चा, पण जनुकसंग्रहातल्या नोंदी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जमा झालेल्या. विश्लेषणात नमुना घेतल्याचं साल घालायचं, नोंद जमा केल्याचं नाही. हे चुकलं तर सगळी कालगणना सरकते. शिवाय अशा वाणांच्या प्रयोगशाळेत पेशींमधून आणि प्राण्यांमधून अनेक पिढ्या झालेल्या असतात, त्यातले काही बदल रानातले नसून काचेतले. आधी टेम्पेस्ट या संगणक प्रणालीत काळ आणि बदल यांचा संबंध तरी दिसतो का ते तपासा, मगच कालगणना करणाऱ्या बीस्ट या प्रणालीकडे वळा. आणि मूळ अडचण त्याच्याही खाली आहे: हान्ताविषाणू किती वेगाने बदलतात यावर तज्ज्ञांत मोठा मतभेद आहे. यजमान प्राण्यांबरोबर लाखो वर्षं उत्क्रांत झाले असं धरलं तर एक वेग निघतो, अलीकडच्या नमुन्यांवरून मोजला तर हजारपटीने जास्त. असल्या घड्याळावर १९५१ हे साल सिद्ध होत नाही. वृक्षावरून कुठला विषाणू कुणाच्या जवळचा हे सांगा, साल दप्तराला सांगू द्या.

जैविक अस्त्रांचा प्रश्नही येणारच. १९५२ साली चीन आणि उत्तर कोरियाने अमेरिकेवर जंतुयुद्धाचा आरोप केला, ब्रिटिश वैज्ञानिक जोसेफ नीडहॅम ज्यात होते त्या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक आयोगाने तो उचलून धरला, अमेरिकेने नाकारला. १९९८ साली सोव्हिएत दप्तरातले म्हणून काही कागद प्रसिद्ध झाले, त्यांनुसार पुरावे रचलेले होते. त्या कागदांच्या अस्सलपणावरही वाद झाला. तुमच्या प्रबंधाचा हा विषय नाही. तरी प्रस्तावनेत दोन पानं द्या, दोन्ही बाजूंचे कागद सांगा, आणि हे स्पष्ट करा की हान्तान विषाणूचा यजमान तिथला रानउंदीर आहे, मोसम ठरलेला आहे, उशिरा वसंतात लहान लाट आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोठी, आणि गवतात, खंदकांत राहणाऱ्या सैनिकांना उंदरांच्या वाळलेल्या मलमूत्राच्या धुळीतून तो होतो. गप्प बसलात तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच येईल.

भारताशी दुवा हवा असेल तर खरे दुवे आहेत, कृत्रिम जोडायची गरज नाही. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची ६०वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स नोव्हेंबर १९५०मध्ये कोरियात उतरली. १९५३च्या शरद ऋतूत, म्हणजे नेमक्या आजाराच्या मोसमात, मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांच्या हाताखालची भारतीय अभिरक्षक सेना युद्धकैद्यांसह निर्लष्करी पट्ट्यातल्या हिंद नगर छावणीत होती. तिच्या वैद्यकीय अहवालांत तापाचे रुग्ण कसे नोंदले गेले, हा लहानसा पण चांगला प्रश्न आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या "अभिलेख पटल" या संकेतस्थळावर परराष्ट्र खात्याच्या कोरियाविषयक फायली शोधा. आणि विज्ञानाच्या बाजूने एक: १९६४ साली वेल्लोरजवळ एका चिचुंद्रीतून थोट्टापलयम नावाचा विषाणू वेगळा केला गेला. तो हान्ताविषाणूंपैकीच आहे हे पुष्कळ उशिरा कळलं. म्हणजे ली यांच्या शोधाच्या बारा वर्षं आधी एक हान्ताविषाणू भारतात शीतकपाटात पडून होता. तो ओळखला का गेला नाही आणि कोरियातला का गेला, ही तुलना आम्हाला तर फार मोलाची वाटते. पुण्याचं विषाणू संशोधन केंद्र, आजची राष्ट्रीय विषाणू संस्था (एनआयव्ही), १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून काढलं. त्या काळच्या भारतातल्या विषाणू सर्वेक्षणांचे अहवाल तुमच्यापासून चार-पाच तासांवर आहेत.

प्रवेशाचं थोडक्यात. सोल राष्ट्रीय विद्यापीठ आणि जॉन्जू इथलं जॉन्बुक राष्ट्रीय विद्यापीठ यांत विज्ञानाच्या इतिहासाचं पदव्युत्तर शिक्षण आहे आणि विज्ञानाच्या पदवीधरांना तिथे परकं वाटत नाही. भारतात राहायचं असेल तर जेएनयूच्या कोरियन अध्ययन केंद्रात विचारा, पण विज्ञानेतिहासाचा सहमार्गदर्शक आधी नक्की करा. कोरिया सरकारची ग्लोबल कोरिया शिष्यवृत्ती एक वर्ष भाषा आणि मग पदवी अशी असते. तिच्या अटी दर वर्षीच्या नियमपुस्तिकेत वाचा, मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या तोंडून नको. टोपिकचा निकाल दोनच वर्षं धरला जातो, म्हणून तुमची तारीख आत्ता तपासा. शक्य असेल तर पाचवी पातळी गाठा. भाषेचं वर्ष माफ होण्याचा मार्ग त्यातून जातो, आणि हान्जाला वेळ मिळतो.

त्या काळच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसांना भेटायचं ठरवलंत तर आधी नैतिक समितीची मंजुरी घ्या. कोरियाचा जैवनीती कायदा २०१३पासून माणसांवरच्या संशोधनाला, मुलाखतींसकट, लागू आहे. मंजुरीआधी घेतलेली मुलाखत प्रबंधात वापरता येत नाही. जुन्या लष्करी कागदांत रुग्णांची नावं दिसतील. टिपणात ठेवा, छापताना क्रमांक द्या.

येत्या दोन महिन्यांत एवढं करा. १९७८चा निबंध आणि १९८१चा निबंध यांच्या कार्यपद्धती समोरासमोर ठेवून दोन पानांचं टिपण लिहा. १९५१ ते १९५३च्या कोरियन वर्तमानपत्रांतल्या या तापाच्या पाच बातम्या मूळ पानावरून स्वतः वाचून काढा; पाच मिळाल्या नाहीत तर का मिळाल्या नाहीत ते लिहा, कारण युद्धकाळात छापण्यावर बंधनं होती आणि ते उत्तरही कामाचं आहे. मग संभाव्य मार्गदर्शकांना एक पानी पत्र पाठवा: प्रश्न एका वाक्यात, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेले तीन कागद त्यांच्या संग्रह क्रमांकासह, आणि शेवटी एक परिच्छेद स्वतः कोरियनमध्ये लिहिलेला. "मला कोरियन संस्कृतीची आवड आहे" हे वाक्य त्यात नको. त्या टिपणाची प्रत तुमच्या सरांनाही दाखवा, शिफारसपत्र त्यांच्याकडूनच लागणार आहे.